औंधच्या छापाची पुस्तकं

जुन्या पुस्तकांच्या ढिगात मी आधी मुद्रकाची ओळ शोधतो. तिथे ‘औंध, जि. सातारा’ दिसलं की पुस्तक कितीही फाटकं असो, ते घ्यावंच. जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंध संस्थानात आले आणि तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभं केलं, भारत मुद्रणालय चालवलं. एवढ्याशा गावात वेदसंहिता खिळ्यांनी जुळवल्या गेल्या! साधा मजकूर जुळवणं वेगळं. ऋग्वेदात अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली, स्वरिताची उभी रेघ अक्षरावर, आणि एक जरी सरकली तरी पाठ चुकला. त्या जुळाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते. पानाच्या मागच्या बाजूवरून हलकेच बोट फिरवावं, खिळ्यांचा दाब अजून हाताला लागतो. १९४८नंतर मंडळ गुजरातेत पारडीला गेलं, म्हणून औंधचा छाप आता संपलेला साठा आहे. सांगली-मिरजेकडची छपाईची परंपरा तर याहून जुनी: नाना फडणीसांच्या आश्रयानं पुण्यात सुरू झालेलं ताम्रपटांवर अक्षरं कोरून छापण्याचं काम नानांच्या पश्चात मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी पुरं करून घेतलं आणि १८०५मध्ये भगवद्गीता छापली गेली. ती मिळण्याची आशा मी धरत नाही. औंधची पुस्तकं मात्र अजून हाती लागतात. घेणाऱ्यांनी ती नव्यानं बांधताना समास कापू देऊ नयेत आणि मूळ मुखपृष्ठ फेकू नये.