गल्लीचा कारभार

धुळ्याच्या पश्चिमेस साक्री तालुक्यांत पांझरेच्या कांठीं गेलेल्या विद्यार्थ्यांनीं नदीवरील जुने बंधारे पाहिले असतील. बंधाऱ्यापासून निघालेला पाट, आणि पाटाखालीं फडांत विभागलेली जमीन, ही खानदेशची फडपद्धति होय. ती तीनशें वर्षांहून अधिक जुनी मानितात. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. ऊंस कोणत्या फडांत करावयाचा, हें शेतकरी एकत्र बसून ठरवीत. पाणी सोडण्याचें काम ज्याच्या त्याच्या हातीं नसे, तें सर्वांनीं नेमलेला पाटकरी करी. त्यामुळें पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत, त्याला शेवटच्या शेताचें पाणी तोडतां येत नसे. पुढें विहिरी वाढल्या, धरणें झालीं, आणि पुष्कळ फड मोडले. शिवाय या बैठकींत भूमिहीनास आवाज नव्हता, हेंही विसरतां कामा नये.

आतां शहराकडे पाहूं. जळगांव व धुळें येथील नगरपालिकांच्या २००३ सालीं महानगरपालिका झाल्या. १९९३ पासून अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांस प्रभाग समित्या नेमून दिल्या. २००९ सालीं महाराष्ट्रानें आणखी एक पायरी खालीं उतरून क्षेत्रसभेची तरतूद केली. तींत त्या भागांतील प्रत्येक मतदार सभासद असतो. यंदा नववीच्या वर्गांत मीं विचारिलें, "क्षेत्रसभा भरलेली कोणीं पाहिली आहे?" एकही हात वर झाला नाहीं. "नळ येण्याच्या दिवशीं शाळेस उशीर कोणास होतो?" असें विचारतांच निम्मा वर्ग हात वर करून हंसूं लागला. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

वाघूरचें धरण किंवा तापीची जलवाहिनी गल्लीनें सांभाळावी, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु नळाची वेळ, कोणतें गटार आधीं बांधावें, दिवा कोठें हवा, एवढें ठरविण्याचा अधिकार व त्यापुरता पैसा गल्लीस कां मिळूं नये? एखादा दांडगा मनुष्य सभा बळकावील, ही भीति खरी आहे. मलाही ती वाटते. म्हणून हिशेब चौकांत मोठ्यानें वाचला जावा, आणि भाडेकरू, स्त्रिया व गटार उपसणारे यांना सभेंत बोलूं द्यावें.

पालकांनो, क्षेत्रसभा बोलवावी असा अर्ज आपल्या नगरसेवकाकडे करावा. मसुदा नववीचीं मुलें लिहून देतील. सह्या मात्र आपल्याच लागतील.