आधी फळी उचला, मग फायबरचं बोला

शहापुरात माझी लाकडाची वखार आहे. समुद्र इथून लांब, पण उन्हाळा लागला की करंजा-वर्सोव्याकडचे तांडेल सागाच्या फळ्या शोधत येतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोट वर ओढायची, तेव्हा लाकूड हाताशी हवं. हल्ली मात्र प्रश्न ठरलेला: ''दादा, जुन्या डेकवरच प्लाय ठोकून फायबर मारलं तर?''

मारू नका.

खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी फारशी धरत नाही. डेक खातं ते पावसाचं गोडं पाणी. (आमच्या भातसा-बारवी धरणांतल्या होड्यांना तर बारमाही तेच.) विंचच्या पायाशी, बोल्टच्या भोकाशी फायबरला केसाएवढी चीर पडते, पाणी आत शिरतं आणि वाळायला वाट उरत नाही. वरून डेक चकाचक. खालून बीमला पेचकस लावा, लोण्यात शिरावा तसा जातो.

खरं काम कंटाळवाणं आहे. हातोडीच्या दांड्याने फळीन् फळी वाजवायची. खणखणीत वाजली तर हात लावायचा नाही, बद्द वाजली तर उचलायची. कुजकं संपतं तिथे न थांबता पुढच्या बीमपर्यंत कापायची, म्हणजे जोड बीमवर बसतो. सांध्यात कापसाची वात ठोकून वर राळ-तेल, किंवा आजचं रबरी सीलंट. माझी हरकत नाही. वॉर्निश मात्र नको, पाय घसरतो. आणि करडं पडलेलं सागवान बिघडलेलं नसतं. ते पिवळंधमक दिसावं म्हणून दरवर्षी मशीनने घासणारे स्वतःच्याच हाताने फळी पातळ करतात.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली 'एचएमएस ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. नव्वदच्या दशकात सुरू झालेली तिची डागडुजी २००१ मध्ये संपली, तरी मूळ सागवान बरंचसं जागेवर आहे. ते लाकूड मलबारचं, आमचं नव्हे. पण साग तो सागच. त्याच्या अंगच्या तेलामुळे पाणी सहजी मुरत नाही आणि ओकसारखा तो लोखंडी खिळाही खात नाही.

सारळगाव, टोकावडे, डोळखांबकडच्या शेतकऱ्यांच्या बांधावर साग आहे. कोवळ्या झाडाची पांढरी डेकला चालत नाही, गाभाच लागतो, म्हणून जुनं झाड हवं. ते शेतकऱ्याच्या मालकीचं असलं तरी तोडीची परवानगी, मोजणी, हातोड्याचा शिक्का, वाहतूक परवाना हे सगळं आलंच. नियम असावेत, नाहीतर जंगलातला साग रातोरात मालकीचा होईल. पण दिवाळीनंतर दिलेल्या अर्जाचा होकार-नकार मार्चअखेर तरी कळावा. माझ्या एका गिऱ्हाइकाचे कागद आले तेव्हा बंदी उठून बोटी दर्यात गेल्या होत्या. त्याने डेकवर प्लाय ठोकला होता.