नौका मोडली, नावे उरली



रद्द झालेले तारकासमूह फक्त जुन्या नकाशांत उरले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास धाराशिवहून दक्षिणेला पाहावे. क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर अगस्ती दिसतो. पाश्चात्त्य नकाशांत तो ‘आर्गो’ या प्रचंड नौकेच्या, आता बाद झालेल्या तारकासमूहात होता. अठराव्या शतकात लाकाय या फ्रेंच खगोलविदाने तिचे तळ, पिछाडी आणि शीड असे भाग पाडले. ताऱ्यांना ओळख देणारी ग्रीक अक्षरे मात्र संपूर्ण नौकेला मिळून एकदाच वाटली. अल्फा अगस्तीकडे, म्हणजे तळाकडे गेला. पिछाडीला अल्फा नाहीच! तिचा सर्वांत तेजस्वी तारा झीटा. त्याचे ‘नाओस’ हे नावही ग्रीक नौकेवरूनच आले. जानेवारीच्या आरंभीचा ‘क्वाड्रंटिड्स’ उल्कावर्षावसुद्धा अशाच एका बाद समूहाचे नाव चालवतो.

– एक वाचक, धाराशिव