'र'च्या चार तऱ्हा

एक छोटीशी टेस्ट घेऊया? कम्प्युटर उघडा आणि मराठीत 'पाथर्डी' टाइप करा. कॉपी-पेस्ट अलाउड नाही. इंग्रजी स्पेलिंग टाकून खाली येणाऱ्या यादीतून शब्द उचलणं, ते पण चीटिंग! सरळ मराठी की-बोर्डवरून, एकेक अक्षर.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव तुम्हाला मोहटादेवीमुळे ठाऊक असेल, नाहीतर मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेमुळे. टायपिंगवाल्यांसाठी मात्र पाथर्डी म्हणजे सॉलिड पेपर आहे. कारण 'ड'च्या डोक्यावर ऐटीत बसलेला तो रफार. तो आधी दाबायचा की नंतर? या भागातलं 'गर्जे' आडनाव लिहितानाही नेमकी इथेच गाडी अडते.

उत्तर एकदम सोपं आहे. जसं बोलता, तसं टाइप करा. आपण 'र' आधी म्हणतो आणि 'ड' नंतर. म्हणून प, काना, थ, र, हलन्त (म्हणजे पाय मोडायची खूण), ड, दीर्घ वेलांटी. सात अक्षरखुणा, बस्स. रफार उडी मारून 'ड'वर बसायचं काम कम्प्युटर स्वतः करतो. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवर उलटं होतं. तिथे डोळ्याला दिसेल तसं ठोकायचं, म्हणजे रफार अक्षरानंतर आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. ज्यांनी टायपिंग क्लासला ते शिकलंय, त्यांची बोटं आजही त्याच सवयीने चालतात.

उच्चाराप्रमाणे चालणाऱ्या या की-बोर्डचं नाव इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो पुढे आणला आणि १९९१ मध्ये त्याला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. लॉजिक एवढंच. विंडोजमध्ये तो फुकटात मिळतो. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा ॲड करा, मग विंडोज-की आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी अशी अदलाबदल करत राहा.

आता खरी मजा. शाळेत बाईंनी 'र'ची चार रूपं शिकवली होती, आठवतंय? 'सूर्य'मधला, 'प्रकाश'मधला, 'ट्रक'मधला आणि 'दुसऱ्या'मधला. पहिल्या तिघांना एकच 'र' आणि एकच हलन्त पुरतो. फक्त कोण आधी, कोण नंतर, एवढाच फरक. चौथा मात्र व्हीआयपी आहे! त्याच्यासाठी शिफ्ट दाबून 'जे'ची की, म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ'. मग हलन्त, मग 'य'.

एवढी नाटकं कशाला, असं वाटेल. पण 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं की गुरुजी येणार आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं की जिलबी तळणारे! लग्नपत्रिका डिझाइन करत असाल, तर हा फरक तुम्हाला चांगलाच महागात पडू शकतो.

गंमत म्हणजे हा टिंबवाला 'ऱ' युनिकोडमध्ये आला तो दक्षिणेकडच्या भाषांमधला वेगळा 'र' देवनागरीत दाखवता यावा म्हणून. त्याचं अर्धं रूप मात्र आपल्या कामाचं निघालं. शिवाय तोच आकार काढायचा दुसरा रस्ताही आहे. साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी, फक्त जोडायचं काम करणारी एक खूण. स्क्रीनवर दोन्ही सेम टु सेम. आत मात्र कोड वेगळे.

इथे प्रकरण सीरियस होतं. समजा, ऑफिसच्या यादीत 'कुऱ्हाडे' आडनाव एकाने एका पद्धतीने टाकलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या. तुम्ही सर्च मारलात. कम्प्युटर अक्षरांचा चेहरा बघत नाही, कोड बघतो. एक कुऱ्हाडे सापडतील, दुसरे राहूनही जातील. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून भागवलं जायचं. म्हणून 'ॲडव्होकेट' आजही दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. आणि शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल, तर विचारूच नका. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर आख्खं पत्र म्हणजे नुसती इंग्रजी खिचडी.

आपण पुण्यात एसी ऑफिसात बसून यावर हसू शकतो. पण गावाकडे दाखला काढायला गेलेल्या माणसाचं नाव काउंटरपलीकडची बोटं ठरवतात. तिथे एक चुकीची की पडली, तर नाव बदलतं आणि मग ते दुरुस्त करायला पुन्हा एक फेरी, पुन्हा एक खाडा. त्या दिवसाचा रोज बुडतो, तो वेगळाच.

जाता जाता थोडं बाकीच्या चिन्हांबद्दल. रुपयाचं '₹' चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं ते डिझाइन. की-बोर्ड 'इंग्लिश इंडिया'वर ठेवा आणि उजवीकडचा ऑल्ट दाबून चारचा आकडा दाबा, चिन्ह हजर. तापमानाचं '°' हवंय? ऑल्ट धरून ठेवा आणि नंबर पॅडवर ०१७६. युरोसाठी ०१२८. लॅपटॉपला नंबर पॅडच नाही? नो प्रॉब्लेम. विंडोज १० किंवा ११ असेल, तर विंडोज-की आणि पूर्णविराम दाबा. इमोजींच्या शेजारीच चिन्हांचा आख्खा बाजार उघडेल.

या वीकेंडसाठी होमवर्क. आईचं, बाबांचं नाव आणि गावाकडचा पूर्ण पत्ता मराठीत टाइप करा. एकदा बिनचूक जमला की सेव्ह करून घरी पाठवून द्या. पुढच्या वेळी बाबा दाखल्यासाठी काउंटरवर उभे असतील, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांचं नाव नीट लिहिलेलं असेल. समोरच्याला फक्त स्क्रीन दाखवायची.