भांडी घरची आणि भांडी प्रयोगशाळेची

‘मतिमंद मुलगी, आणि तिला विज्ञानात नोकरी?’ असे विचारून लोक हसतात. शिकलेले जरा जास्तच हसतात. हे हसू मी खेडच्या कचेऱ्यांतून ऐकले आहे, कारखान्यांतून ऐकले आहे आणि मैत्रिणींनो, आपल्या बैठकांतूनही ऐकले आहे. म्हणून आज त्याच्याशीच भांडायचे आहे.

तालुक्यातल्या एका वाडीत चोवीस वर्षांची एक मुलगी आहे. दाखल्यावर ‘बौद्धिक अक्षमता, ५० टक्के’ लिहिलेले. घरात माणसे नऊ. पाणी भरणे, केर काढणे, नऊ जणांची भांडी हे सगळे तिच्याकडे. आजीच्या गोळ्या सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या, हे ती पाकिटाच्या रंगावरून ओळखते आणि वेळेवर देते. तिच्यासाठी मी लोटे-परशुरामच्या एका रसायन कारखान्यात गेले. तिथल्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला माणूस हवे होते. साबणाच्या पाण्याने धुवायचे, नळाखाली खळबळायचे, मग ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून पालथे घालायचे. रोज तेच, त्याच क्रमाने. साहेबांनी दाखला वाचला आणि म्हणाले, “मॅडम, फोडेल हो ती.”

घरी ती कपबशा धुते तेव्हा फोडत नाही का? तेव्हा कुणी विचारत नाही. फुकट राबायचे असते तोवर तिची बुद्धी पुरते. पगाराचे नाव निघाले की ती कमी पडते. बाईच्या घरकामाला काम न म्हणण्याची जी रीत आपण इतकी वर्षे उघडी पाडत आलो, तीच इथे दुप्पट जोराने लागू आहे. तरीही या मुलींचा प्रश्न आपण ‘अपंगांच्या संस्थांचा’ म्हणून बाजूला ठेवतो.

विज्ञानाला या माणसांचे वावडे आहे असे मात्र नाही. त्यांचा उपयोग त्याने भरपूर केला आहे. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये बुद्धीची चाचणी तयार केली ती कुठल्या मुलांना जास्त मदत लागेल हे कळावे म्हणून. पुढे तिचाच दाखला करून माणसांना दाराबाहेर ठेवले गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फर्नाल्ड नावाची निवासी शाळा होती. १९४०-५० च्या दशकांत तिथल्या मुलांना लापशीतून आणि दुधातून किरणोत्सारी द्रव्य देऊन, शरीर लोह आणि कॅल्शियम कसे शोषते याचे प्रयोग झाले. आईबापांना खरी गोष्ट सांगितली नव्हती. आणि त्या मुलांच्या गटाला नाव काय दिले होते? ‘विज्ञान मंडळ’! हे १९९३ च्या अखेरीस जगापुढे आले. पुढे दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १९९४ मध्ये, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिले गेले ते पाळीच्या स्वच्छतेचे. त्या वेळी स्त्री-संघटनांनी रान उठवले आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी तेव्हा बालवाडीत असेन. ही लढाई मी एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात वाचली आणि अभिमान वाटला. पण गर्भाशय वाचले, त्यानंतर त्या मुलींच्या हाताला काय मिळाले? मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या. दिवाळीत प्रदर्शन भरते, पाहुणे कौतुक करतात, आणि मुलीच्या हातावर जे पडते त्याला मजुरी म्हणायलाही जीभ कचरते.

त्यातही मुलगे निदान कार्यशाळेपर्यंत पोचतात. २०११ च्या जनगणनेत या गटात सुमारे ८ लाख ७० हजार पुरुष आणि ६ लाख ३५ हजार स्त्रिया मोजल्या गेल्या. या फरकात निसर्गाचा वाटा आहे, कारण काही कारणे एक्स गुणसूत्राशी जोडलेली असतात आणि मुलग्यांत जास्त दिसतात. पण दारावर गेले की ‘आतल्या खोलीत आहे’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या मोजणाऱ्याला तरी दिसल्या असतील का?

विज्ञानच का, असे मला विचारतात. अहो, आमच्या तालुक्यात महिन्याच्या महिन्याला पगार देणारी जागा दुसरी कुठली आहे? इथे कारखान्यांच्या प्रयोगशाळा आहेत, आणि शेजारी दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. शास्त्रज्ञ म्हणजे फक्त पीएच.डी. नव्हे. नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावणारी, तापमान पाहून वहीत लिहिणारी, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर आंब्याचे कोय कलम बांधणारी, या सगळ्यांच्या हातावर विज्ञान उभे असते. प्रत्येक मुलगी हे करील असे मी म्हणत नाही. अशा सगळ्यांना एकसुरी कामच आवडते, हीसुद्धा आपली सोयीची समजूत. एकेकीला विचारून, दाखवून, चित्रांच्या पायऱ्या भिंतीवर लावून बघावे लागेल. बाहेर तर बौद्धिक अक्षमता असलेली माणसे विद्यापीठांच्या संशोधनात सह-संशोधक म्हणून बसतात. प्रश्न कोणते विचारायचे हेही ती ठरवतात.

‘रसायनांचा धोका आहे’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. लोट्याला राहून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण मग त्याच आवारात ठेकेदाराच्या झाडूवाल्या बायका हातमोज्यांशिवाय फिरतात, त्यांच्यासाठी तो धोका नसतो वाटते? जागा सुरक्षित करा, सगळ्यांसाठी करा. दुसरा आक्षेप बी.एस्सी. झालेल्या बेकार मुलांचा. त्यांची तक्रार खरी आहे, पण ती भांडी धुण्याच्या जागेसाठी नाही.

कायद्याने काय दिले? १९९५ च्या कायद्याने मतिमंदत्वाला अपंगत्व मानले, पण नोकरीच्या ३ टक्क्यांत या गटाला जागा ठेवली नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव केले. त्यातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून. इतक्या जणींत एक टक्का! खाजगी कारखान्यांवर तर सक्तीच नाही, फक्त सवलतीचे गाजर. शिवाय आता ‘दिव्यांग’ म्हणायचे. नाव दिव्य झाले, रोजगार होता तिथेच.

तो एक टक्का तरी भरला आहे का, आणि त्यात बायका किती, हे विचारण्यापासून सुरुवात करू. कृषी विद्यापीठ, सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आणि पाणी तपासणी प्रयोगशाळा यांच्यासाठी माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आम्ही खेडमध्ये तयार केला आहे. त्यात तीन प्रश्न आहेत: या गटासाठी पदे किती, भरली किती, स्त्रिया किती. ज्या गटांना आपापल्या जिल्ह्यात तो टाकायचा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे, मसुदा पाठवू. उत्तरे आली की इथेच छापू. नाही आली तर तेही छापू.