कोंकराचा पहिला घोट

मेंढीची जार पडेपर्यंत कोंकरास कासेस लावूं नये, अशी समजूत कित्येक घरीं अद्याप आहे. आमच्या मतें ती घातक आहे. रोगाशीं झुंजण्याची शक्ति कोंकरूं पोटांतून घेऊन येत नाहीं; ती आईच्या चिकांतून मिळते, आणि ती शोषून घेण्याचें त्याच्या आंतड्याचें सामर्थ्य सुमारें २४ तासांत संपतें. वेळ दवडली कीं धडधाकट दिसणारें कोंकरूंहि दगावतें, व बोल दैवास लागतो! म्हणून अंग कोरडें करावें, बेंबीस टिंक्चर आयोडीन लावावें, आणि २ तासांच्या आंत चीक पाजावा. विद्यार्थ्यांनीं हें घरीं नम्रपणें सांगावें. वडील मंडळींनीं तें मनावर घ्यावें. प्रार्थनेच्या वेळीं उत्तम मेंढपाळाचा दृष्टान्त ऐकणाऱ्यांनीं तरी दुबळ्याचा पहिला घोट अडवूं नये.