दोन बिलं

गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत चार महिने राहून आले. टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या उपनगरात त्याचं घर आहे. पहिल्याच आठवड्यात मी जावेला फोनवर सांगितलं होतं, "अगं, इथे गरीब कुणी दिसतच नाही!" ते वाक्य आठवलं की आता माझी मलाच लाज वाटते.

एकदा सुनेबरोबर किराणा आणायला गेले. रांगेत आमच्या पुढे एक बाई होती, कडेवर वर्ष-दीड वर्षाचं मूल. कपडे स्वच्छ, केस नीट बांधलेले. तिने सामानाचे दोन ढीग केले. दूध, ब्रेड, तांदूळ यांचं बिल कार्डाने भरलं. मग डायपर आणि कपडे धुण्याचा साबण यांचं वेगळं बिल करायला सांगून ती पाकिटातले पैसे मोजू लागली. पुरेनात. शेवटी तिने साबण परत दिला. तेवढा वेळ मी मनातल्या मनात चरफडत होते, ही दोन-दोन बिलं करून सगळ्यांना कशाला खोळंबून ठेवते?

गाडीत बसल्यावर सून म्हणाली, "आई, ते सरकारी मदतीचं कार्ड होतं. त्यावर फक्त खाण्याच्या वस्तू मिळतात. साबण, डायपर मिळत नाहीत."

दिसायला ते कार्ड बँकेच्या कार्डासारखंच. पूर्वी कागदी कूपनं असत, ती बाहेर काढली की अख्ख्या रांगेला कळायचं. ती लाज वाचली हे चांगलंच झालं. पण माझ्यासारखीला हातभर अंतरावरची अडचणही दिसली नाही, हेही खरं.

मायकेल हॅरिंग्टन यांचं 'द अदर अमेरिका' हे पुस्तक १९६२ साली आलं. देशात चार ते पाच कोटी लोक गरीब आहेत आणि ते कुणाला दिसत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. सुखवस्तू लोक उपनगरांत गेले, गरिबांच्या वस्त्या त्यांच्या वाटेवर राहिल्याच नाहीत. शिवाय स्वस्त तयार कपड्यांमुळे माणूस गरीब आहे हे अंगावरून ओळखू येईना. पुढे १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध जाहीर केलं. आज साठ वर्षांनंतर माझंच बघा ना. घरातून गाडीत, गाडीतून दुकानात किंवा मंदिरात. मला गरीब माणूस भेटणार कुठे?

मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. २०२३ मध्ये तिथे सरकारी मोजणीनुसार ३ कोटी ६८ लाख लोक गरीब होते, म्हणजे नवांत एक. आई-वडील आणि दोन मुलं अशा घराची दारिद्र्यरेषा त्या वर्षी सुमारे ३०,९०० डॉलर होती. टेक्सासमध्ये किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, २००९ पासून तेच. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा नाही, तरी होतात १५,०८० डॉलर. नवरा-बायको दोघांनी राबलं तर ३०,१६०. म्हणजे दोघं पूर्ण वेळ काम करूनही घर रेषेच्या खालीच. "काम करत नाहीत म्हणून गरीब" हे वाक्य या हिशेबात बसत नाही.

तिकडच्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आपल्याकडे गरिबी सिग्नलवर काचेवर टकटक करते आणि आपण मोबाईलमध्ये बघतो. तिकडे ती दिसत नाही, इथे आपण बघत नाही.

मैत्रिणींनो, करुणादानाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. पण समोरच्याची अडचण दिसलीच नाही तर करुणा येणार कुठून? दान पुढचं, आधी नजर हवी.

तिकडे गरजूंना मोफत शिधा देणारी केंद्रं असतात. तिथे लोक डाळी-तांदूळ, डबाबंद अन्न देतात. माझी सून आता दर महिन्याला साबण आणि डायपर नेऊन देते. तुमची मुलं तिकडे असतील तर त्यांनाही सांगा.

त्या दिवशीचा साबण मात्र मी सहज घेऊन देऊ शकले असते. तेव्हा मी घड्याळ बघत होते.